धोक्याची सूचना पोहोचविणार कोण?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याचे औषध पोटात गेल्याने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांना अखेरच्या उपचारांसाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणण्यात आले होते; तेव्हा ही दुर्घटना महाराष्ट्राच्या दारातच घडली असे म्हटले पाहिजे. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी रसायन ४८.६ टक्के असल्याचे तामिळनाडूतील तपासणीत निष्पन्न झाले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का! कारखानदाराचा गुन्हा आणि शासकीय तपासणीतील ढिलाई यांची चर्चा झाली, व ती व्हावयास हवीच होती. परंतु या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. धोक्याची जी माहिती शासनापाशी असते, ती औषध लिहून देणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हाती वेळेवर पडते काय, हा तो प्रश्न होय.

या औषधातील क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सर्व राज्यांना कळविले होते. तशी सूचना वेष्टनावर छापावयास उत्पादकांना भाग पाडावे, असेही त्या पत्रात होते. मुलांचा बळी या मिश्रणाने नव्हे, तर विषारी द्रव्याने घेतला हे खरे. तथापि दगावलेल्यांत चार वर्षांखालील मुले होती, आणि ती एक ओळ डॉक्टरांच्या टेबलापर्यंत व दुकानदाराच्या काउंटरपर्यंत पोहोचून पाळली गेली असती, तर त्यांतील काहींच्या ओठाला ती बाटली लागलीच नसती. पत्र दिल्लीहून निघाले, राज्यांच्या राजधान्यांत पोहोचले आणि पुढची वाट त्याला सापडली नाही. विषाचा अहवाल २ ऑक्टोबरचा आणि मध्य प्रदेशातील विक्रीबंदी ४ ऑक्टोबरची. कचेरीच्या पंचांगात दोन दिवस म्हणजे काहीच नव्हेत. तापाने फणफणलेल्या मुलाच्या बाबतीत ते फार असतात.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण प्राणांस मुकले. न्या. लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि मंत्रालय या साऱ्यांवर कठोर ठपका ठेवला. त्या घटनेला चार दशके होत आली. दरम्यान प्रयोगशाळा वाढल्या, कायदे कडक झाले, संगणक आले. पण धोक्याची वार्ता जिल्ह्याच्या गावी असलेल्या शेवटच्या दवाखान्यात नेमकी कोणी न्यावयाची, हे काम आजही कोणा एकाचे नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या बाजारासंबंधी जो निबंध लिहिला, त्याचा गाभा असा की, येथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि म्हणून हा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही. रोगी डॉक्टरपुढे अजाण असतो, हे सर्वजण मानतात. परंतु औषधाच्या बाबतीत डॉक्टरही कारखानदारापुढे बराचसा अजाण असतो, हे सहसा कोणी बोलत नाही. औषधाचे गुण सांगणारी माहिती त्याच्या दारी चालत येते, कारण ती पोहोचविण्याचा खर्च विक्रीतून भरून निघतो. वैद्यकीय प्रतिनिधी पावसापाण्यात तालुक्याच्या गावी पोहोचतो तो त्यामुळेच. याच्या उलट, औषधाचे दोष सांगणारी माहिती पोहोचवून कोणाच्याच गल्ल्यात एक रुपयाही पडत नाही. तिचा लाभ साऱ्या समाजाला होतो, म्हणून तिचा खर्च उचलावयास एकटा कोणी पुढे येत नाही. रस्त्यावरील दिव्याची आणि धोक्याच्या सूचनेची जात एकच: दोन्ही गोष्टी शासनानेच करावयाच्या असतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता जाहीर करून डॉक्टरांना द्यावयाच्या भेटवस्तूंना आळा घातला, हे योग्यच झाले. पण एका बाजूची गुणगाथा आवरली म्हणून दुसऱ्या बाजूची सावधानतेची हाक आपोआप ऐकू येत नसते.

यावर शासकीय उत्तर ठरलेले असते: माहिती संकेतस्थळावर आहे, राजपत्रात आहे. प्रसिद्ध करणे आणि पोहोचविणे या दोन क्रियांतील हा गोंधळच साऱ्या दुखण्याचे मूळ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्या यादीत रासायनिक घटकांची नावे होती. दुकानातल्या फळ्यांवर मात्र औषधे व्यापारी नावांनी मांडलेली असतात. दिवसभर गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या औषधविक्रेत्याने ती इंग्रजी यादी शोधावी, शेकडो खोके तपासून कोणते काढावयाचे ते ठरवावे, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय. बंदीची बातमी त्याला मिळते ती बहुधा ज्या दिवशी व जेवढी वर्तमानपत्रात येते तेवढीच.

जे सुरक्षिततेचे, तेच किमतीचे. आवश्यक औषधांची राष्ट्रीय यादी २०२२ मध्ये सुधारण्यात आली. तीत ३८४ औषधे आहेत आणि त्यांच्या कमाल किमती सरकार ठरविते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरील कर माफ झाला. जनऔषधी दुकाने तर २००८ पासून सुरू झाली. परंतु रोग्याच्या खिशातून किती पैसा जावयाचा, हे डॉक्टरच्या लेखणीवर ठरते. स्वस्त पर्याय कोणता आणि तो कोठे मिळतो, हे त्या लेखणीला ठाऊक नसेल, तर शासनाने दिलेली सवलत कागदावरच राहते आणि महिन्याच्या पगारात मधुमेहाच्या गोळ्या बसविणारा कारकून जुनाच हिशेब मांडीत बसतो.

सूचनांचा भडिमार झाला तर डॉक्टर त्या वाचणारच नाहीत, असा एक आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. ज्या खुंटीवर सगळेच कपडे टांगले जातात, तिच्यावर हवा तो सदरा सापडत नाही. म्हणूनच सूचनांची प्रतवारी हवी. ‘ताबडतोब थांबवा’, ‘वापर बदला’ आणि ‘लक्षात ठेवा’ असे तीन वर्ग पुरेत. पहिल्या वर्गातील सूचना वर्षातून मोजक्याच निघतील; त्या मात्र प्रत्येकाला त्याच दिवशी मिळाल्याच पाहिजेत.

हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. प्रत्येक नोंदणीकृत डॉक्टरचे नाव मेडिकल कौन्सिलच्या आणि प्रत्येक फार्मासिस्टचे नाव फार्मसी कौन्सिलच्या दप्तरी आहे. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर बॅच क्रमांक असतो. सदोष बॅच कोणत्या दुकानात गेली, हे त्याच्या वहीत आधीच लिहिलेले आहे. तेव्हा सूचना निघताच ती व्यापारी नावांसह, मराठीत, चार ओळींत प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर जावी. ती मिळाल्याची पोच यावी. पोच न देणाऱ्यांची यादी जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे जावी. आयुर्वेदाचे वैद्य, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि आशा सेविका यांना यातून वगळू नये, कारण खेड्यातील आईचा पहिला प्रश्न त्यांनाच असतो.

ही वाट दुहेरी असावी, हेही महत्त्वाचे. थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर ब्रिटनने १९६४ मध्ये डॉक्टरांकडून औषधांचे दुष्परिणाम कळवून घेणारी ‘पिवळ्या कार्डा’ची पद्धत सुरू केली. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. पण ज्या डॉक्टरला वरून कधी काही कळविले जात नाही, तो खालून काही कळवील ही आशा व्यर्थ आहे. पत्रव्यवहार एकतर्फी चालत नसतो.

शासनाने आणखी एक आकडा दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा: औषध घातक ठरल्यापासून ती वार्ता जिल्ह्यातील शेवटच्या दुकानापर्यंत पोहोचावयास किती दिवस लागले? किती बाटल्या जप्त केल्या, किती परवाने रद्द केले, हे आकडे दुर्घटनेनंतरच्या कामाचे असतात. हा आकडा दुर्घटना टाळण्याच्या कामाचा आहे. तो मोजला जात नाही तोवर परिपत्रके निघत राहतील, ती दप्तरी दाखल होत राहतील, आणि औषध म्हणून चमच्यात काय ओतले जात आहे, हे आईला, दुकानदाराला व डॉक्टरलाही कळणार नाही.