नकाशा फेकला तेव्हा

मागच्या आठवड्यात आमच्याकडे तीन दिवस रस्ता बंद होता. पूर्व सिक्कीममध्ये या दिवसांत हे काही नवं नाही. गाडी वर येत नाही, भाजी संपते आणि लंगरमध्ये दोन्ही वेळ राजमा सुरू होतो. डिशवर बर्फ साचला की टीव्हीही जातो. तिसऱ्या संध्याकाळी आमच्या केरळच्या ऑपरेटरने हार्ड डिस्क काढली आणि म्हणाला, ‘‘साब, हॉरर है. सच्ची कहानी.’’

पिक्चर होता ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. 1999 चा, अमेरिकेतला. ट्रंकेवर लॅपटॉप, मध्ये बुखारी, आणि पलंगांवर दाटीवाटीने बसलेले अकरा जण. मी सोडून दोघांना बऱ्यापैकी इंग्रजी येत असेल. बाकीच्यांचं काही अडलं नाही, कारण गोष्टच तशी आहे. तीन पोरं, एक मुलगी आणि दोन मुलगे, पाठीवर पिठ्ठू आणि हातात कॅमेरे घेऊन मेरीलँडच्या जंगलात एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जातात आणि रस्ता चुकतात. आपण जे बघतो ते त्यांनीच टिपलेलं, नंतर सापडलेलं चित्रण, असा सगळा बनाव. कॅमेरा हलतो, अर्धा वेळ नुसता अंधार, अंधारात आवाज.

पहिला अर्धा तास आमची पलटण जांभया देत होती. एकाने तर नखं कापायला घेतली. मग तो प्रसंग आला. नकाशा सापडत नाही म्हणून तिघांची भांडणं चाललेली असतात, आणि त्यातला माइक हसत हसत कबूल करतो की नकाशा मीच ओढ्यात लाथाडला, तसाही तो काही कामाचा नव्हता.

बरॅकमध्ये एकच गलका झाला. गढवालचा लान्स नायक उठून उभाच राहिला. ‘‘अबे, नक्शा फेंक दिया!’’ पिक्चर थांबवावा लागला. पाच मिनिटं यावरच चर्चा. याला कोणती सजा द्यायची, पार्टी कमांडर म्हणून त्या मुलीने नकाशा स्वतःजवळ का ठेवला नाही, जंगलात जाण्याआधी मागे कुणाला वेळ आणि वाट सांगून का आले नाहीत. एक जण म्हणाला, ‘‘साब, इसका तो सीधा क्वार्टर गार्ड बनता है.’’ इथून पुढे मात्र कुणी जांभई दिली नाही.

पुढे ते तिघे दिवसभर दक्षिणेला चालतात आणि संध्याकाळी ओढ्यावरच्या त्याच आडव्या ओंडक्यापाशी परत येतात. आमचा नगरचा पोरगा एवढंच म्हणाला, ‘‘चकवा लागला यांना.’’ मग त्याने सगळ्यांना हिंदीत चकवा समजावला. रात्री शेताच्या वाटेने निघालेला माणूस पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरत राहतो, पायाखालचं गाव त्याला सापडत नाही. माझ्या आजोबांना एकदा लागला होता म्हणतात. मला मॅप रीडिंगच्या क्लासमध्ये शिकवलं की खूण दिसत नसेल तर माणूस सरळ चालतोय असं समजून वळत जातो. दोन्ही गोष्टी मी एकाच डोक्यात ठेवून एकवीस वर्षं नोकरी केली आहे, त्यांची आपसात कधी भांडणं झालेली नाहीत.

शेवट झाला, पडदा काळा पडला, आणि सगळे एकदम बोलायला लागले. ‘‘बस? भूत कहाँ है?’’ ऑपरेटरला शिव्या पडल्या. आणि मग सुरू झाली त्या मुलीची नक्कल. पिक्चरमध्ये ती रात्री तंबूत कॅमेरा स्वतःच्या तोंडाजवळ धरते. अर्धाच चेहरा दिसतो, डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, आणि ती आपल्या आणि सोबत्यांच्या आईवडिलांची माफी मागते. एकाने मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरून, नाक ओढत ते सगळं करून दाखवलं. पोट धरून हसलो. मीही.

हसण्याबद्दल मला इथे लिहायचं आहे, कारण हे फक्त आमच्या बरॅकमध्ये घडलेलं नाही.

डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी हा पिक्चर 1997 च्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांत टिपला. टिपला तरी कसा, नटांच्याच हातात कॅमेरे देऊन. जीपीएसवर पुढचं ठिकाण सांगायचं, तिथे चिठ्ठ्या ठेवायच्या, रोजचं खाणं कमी कमी करत न्यायचं आणि रात्री तंबूभोवती जाऊन आवाज करायचे. आपल्याकडे कमांडो कोर्समध्ये असंच काहीसं करतात, फक्त त्याला सिनेमा म्हणत नाहीत. त्या तिघांच्या चेहऱ्यावरचा थकवा, चिडचिड आणि भूक हा सगळा अभिनय नव्हता. चित्रीकरणाचा खर्च 60 हजार डॉलरच्या आसपास धरला जातो आणि जगभरची कमाई सुमारे 24.8 कोटी डॉलर झाली.

प्रेक्षकांचं काय झालं ते त्याहून मजेशीर आहे. सनडान्स महोत्सवात लोक हादरले. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. मग जुलैमध्ये तो गावोगावच्या थिएटरांत गेला आणि लोकांचे सरळ दोन तट पडले. काहींना पार्किंगपर्यंत चालत जायची भीती वाटली. काहींनी पैसे परत मागावेत अशा थाटात नाकं मुरडली, कारण चेटकीण शेवटपर्यंत दिसलीच नाही. हलत्या कॅमेऱ्याने कित्येकांना मळमळलं, काही थिएटरांनी तशा सूचना लावल्या. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून श्रेणी देणाऱ्या सिनेमास्कोरमध्ये या पिक्चरला ‘सी प्लस’ मिळाला. म्हणजे समीक्षक खूश आणि तिकीट काढणारा नाराज.

नाराज झालेल्यांची बाजू मला निम्मी पटते. त्यांना ही गोष्ट खरी म्हणून विकली होती. बेपत्ता मुलांची पोस्टर लावली होती, वेबसाइटवर खोटे पुरावे मांडले होते. नट जिवंत असून त्यांना प्रसिद्धीपासून लांब ठेवलं होतं. हेदर डोनाह्यू, जिने ती मुलगी केली, तिच्या आईला लोकांची सांत्वनाची पत्रं आली. मुलगी घरात आणि टपालात शोकसंदेश. सैनिकाच्या घरात टपालाचा अर्थ काय असतो ते माहीत असल्यामुळे हा विनोद मला अजिबात आवडलेला नाही. बर्किट्सव्हिल या खऱ्या छोट्या गावात तर हौशी लोकांचे लोंढे आले आणि गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या. फसवलं गेल्याचा राग रास्त होता. पण तो निघाला कुणावर? त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचं ‘रॅझी’ हे टिंगलीचं बक्षीस हेदर डोनाह्यूला दिलं गेलं. तिच्या त्या रडक्या चेहऱ्याच्या नकला पुढे कितीतरी विनोदी पिक्चरांत झाल्या. जाहिरात करणाऱ्यांनी फसवलं आणि हशा झाला तो जी खरोखर घाबरली होती तिचा.

दहा वर्षांनी ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ आला. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, 15 हजार डॉलरच्या आसपास खर्चात केलेला. त्याच्या जाहिरातीत पिक्चर कमी आणि अंधारात खुर्चीत दचकणारे प्रेक्षकच जास्त दाखवले होते. तिथे घाबरणं ही फुशारकीची गोष्ट झाली. मला यात फरक दिसतो तो एवढाच की गर्दीत घाबरायला परवानगी असते. एकटा घाबरला की तो हास्यास्पद.

फौजेत भूत चालतं. इथून जवळच नथू ला आहे, बाबा हरभजन सिंग यांचं मंदिर आहे. 1968 मध्ये वारलेले हे पंजाब रेजिमेंटचे जवान अजून पहारा देतात अशी श्रद्धा आहे. झोपलेल्या संतरीला बाबांची थप्पड बसते असं सांगतात. त्यांचा युनिफॉर्म इस्त्री होतो, पलंग लावला जातो. मीही तिथे गेलो की बूट काढून हात जोडतो. भुतावर विश्वास ठेवला म्हणून कुणी हसत नाही. पण ‘मला काल रात्री भीती वाटली’ असं कुणी म्हणून बघावं.

तेरा वर्षांपूर्वी काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर मी गार्ड कमांडर होतो, हवालदार. एक नवीन पोरगा ट्रेनिंग सेंटरमधून थेट तिथे आला होता, त्याचा पहिलाच हिवाळा. एका रात्री त्याने मला उठवलं. पोस्टच्या मागे कुणीतरी चालतंय म्हणाला, बाईसारखं खोकतंय. मी टॉर्च घेऊन गेलो. काही नव्हतं. रिकामे जरीकेन रचून ठेवले होते, थंडीने पत्रा आकसला की ते वाजायचे. सकाळी लंगरमध्ये चहाच्या रांगेत मी हा किस्सा रंगवून सांगितला, त्याच्या आवाजात, त्याच्या कापऱ्या हातांसकट. पोस्टभर त्याचं नाव पडलं, भूतनाथ. तोही हसला. मला वाटलं पोरगा खेळाडू वृत्तीचा आहे.

तीन आठवड्यांनी पहाटे दोनच्या सुमारास वरच्या उतारावरून बर्फ सुटला आणि आमची राशनची शेड घेऊन गेला. तिथे रोज झोपणारा कुक ताप आल्यामुळे त्या रात्री बुखारीजवळ बरॅकमध्ये झोपला होता, म्हणून वाचला. पहाऱ्यावर तोच पोरगा होता. मी विचारलं, काहीच ऐकू आलं नाही? म्हणाला, आलं, दहा-पंधरा मिनिटं वर काहीतरी तडकत होतं. मग उठवलं का नाहीस?

‘‘आप फिर हँसते, उस्ताद.’’

रिपोर्टमध्ये ‘अचानक हिमस्खलन’ असं लिहिलं गेलं. ते दहा-पंधरा मिनिटांचं मी कुणाला सांगितलं नाही, त्यानेही नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तो आता हवालदार आहे असं कळलं, फोन करायचं अजून जमलेलं नाही.

म्हणून परवा ती नक्कल संपल्यावर मी लॅपटॉप पुन्हा लावायला सांगितला आणि शेवटची दोन मिनिटं परत दाखवली. पडक्या घराच्या तळघरात माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असतो, तेवढंच, आणि कॅमेरा खाली पडतो. इंग्रजीमुळे सुरुवातीचं एक बोलणं पोरांच्या कानांवरून गेलं होतं, ते सांगितलं: गावातला एक माणूस म्हणतो की तो जुना खुनी दोन-दोन मुलं न्यायचा, आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. लान्स नायक हळूच म्हणाला, ‘‘मतलब पीछे कोई है.’’ मग बराच वेळ बुखारीचाच आवाज. त्या शांततेत मी त्यांना भूतनाथची गोष्ट सांगितली, त्याचं खरं नाव न घेता आणि माझं न लपवता. कुणी काही बोललं नाही. नंतर लघवीला जाताना मात्र सगळे जोडीने गेले.

दीड वाजता संतरीने मला उठवलं. नगरचाच पोरगा. ‘‘साब, टाकीकडं कायतरी वाजतंय.’’ कोट-परका चढवून बाहेर आलो. दोघं वीस मिनिटं टॉर्च बंद ठेवून ऐकत उभे राहिलो. वारा आला की वाजायचं, थांबला की थांबायचं. टाकीचं झाकण सुटलं होतं. तारेने बांधून टाकलं.