‘बेगम बर्वे’ : मध्यमवयातील प्रेमाची भाषा

मध्यमवयात किंवा त्यानंतर प्रेमाची इच्छा धरणाऱ्या माणसाकडे मराठी रंगभूमीने बहुधा हसूनच पाहिले आहे. या हसण्यामागे मोठी परंपरा आहे. देवलांच्या ‘संगीत शारदा’मधील (१८९९) भुजंगनाथ उपहासाला पात्रच होता, कारण तो प्रेम करत नव्हता, पैसे मोजून मुलगी विकत घेत होता. परंतु जरठविवाहावर न्याय्यपणे रोखलेले हे हसू पुढे विक्रीचा प्रश्नच नसलेल्या इच्छेवरही फिरले. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’चे महत्त्व या संदर्भात तपासले पाहिजे.

पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७९ मध्ये आळेकरांच्याच दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगमंचावर आणले. चंद्रकांत काळे यांनी बर्वे आणि मोहन आगाशे यांनी श्यामराव उभा केला. संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका केलेले बर्वे आता श्यामरावाच्या धाकात उदबत्त्या विकतात. जावडेकर आणि बावडेकर हे दोन अविवाहित कारकून. जावडेकरांच्या मनात कचेरीतील नलावडेबाई आहेत. कल्पनेच्या खेळात बर्वेच नलावडेबाई होतात, लग्न लागते, डोहाळेही लागतात. आणि श्यामराव हे स्वप्न मोडून टाकतो.

संगीत नाटकाचे विडंबन किंवा त्याच्या अस्ताचा विलाप, असे या नाटकाचे वाचन रूढ आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जावडेकरांजवळ प्रेम व्यक्त करण्यासाठी स्वतःचे एकही वाक्य नाही. नाट्यपद ही त्यांची हौस नव्हे, ती त्यांची उसनी वाचा आहे. नाटकाची करुणा या उसनवारीत आहे.

शिरूर किंवा दौंड येथील महाविद्यालयात हे नाटक शिकवताना, विद्यार्थ्यांनी संगीत नाटक पाहिलेले नसते, ही अडचण पुढे केली जाते. वस्तुतः या परिसराला दुसरे दार उघडे आहे. दौंड तालुक्यातील चौफुला येथील कलाकेंद्रांत संगीतबारी नांदते. शिरूरलगतच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाफडांचे केंद्र आहे. गवळणीतील ‘मावशी’चे काम करणारा पुरुष आणि त्याला मिळणारा हशा विद्यार्थ्याला परिचित असतो. फर्माईश करणारा प्रौढ रसिक आपल्या मनातले लावणीकडून वदवून घेतो, हेही त्याला सांगावे लागत नाही. अध्यापनाची सुरुवात येथून व्हावी.

मात्र साम्य दाखवून थांबणे धोक्याचे आहे. बारीत गाणाऱ्या स्त्रीसाठी गाणे ही उपजीविका असते; रसिकाच्या भावनेला तिची संमती गृहीत धरता येत नाही. हाच प्रश्न ‘बेगम बर्वे’लाही विचारला पाहिजे. शारदेला कुणी विचारले नव्हते. नलावडेबाईंनाही कुणी विचारत नाही. त्यांच्या वतीने होकार देतात ते बर्वे, आणि तेच सर्वांत पराधीन आहेत. फरक एवढाच, की भुजंगनाथाला विचारण्याची गरज वाटत नाही, तर जावडेकरांना विचारण्याचे धैर्य होत नाही. पहिल्यावर हसणे योग्य ठरते. दुसऱ्यावर हसणारा प्रेक्षक स्वतःच्या मुकेपणावर हसत असतो.

तालुक्याच्या गावी कचेऱ्या आहेत, कारकून आहेत आणि न बोललेली प्रेमेही आहेत. म्हणून हे नाटक तेथे केवळ रंगभूमीच्या इतिहासाचा एक टप्पा म्हणून शिकवले जाऊ नये. विद्यार्थी कोठे हसतो आणि कोठे हसायचा थांबतो, याची चर्चा वर्गात होणे हेच त्याचे खरे अध्यापन होय.