इतिहासाचे पाठ कपाटाबाहेर यावेत

१९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्याबाबत तसाच ठराव केला. तरीही पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. हा क्रम सातवीच्या मुलांपुढे ठेवून ‘कागदावरचा हक्क तळ्यापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे का लागली?’ असे विचारले, म्हणजे सनावळीचा इतिहास विचाराचा विषय होतो.

असे पाठ रचणारे शिक्षक खेडोपाडी आहेत. परंतु त्यांची टिपणे आणि नकाशे त्यांच्याच कपाटात राहतात. बाजारात मात्र तयार उत्तरांची गाइडे खपतात. धान्य वाटले तर कमी होते, पाठ वाटल्याने होत नाही. म्हणून ही संपत्ती सामायिकच असली पाहिजे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने आपला एक पाठ सहकाऱ्यांच्या हाती द्यावा. कार्यकर्त्यांनीही वाचनालयांतील जुनी वृत्तपत्रे आणि ठरावांच्या नकला शाळांपर्यंत पोहोचवाव्यात. समतेच्या चळवळीचेच हे काम आहे.