जस्त लावून विजेची गळती थांबत नाही

पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागली की पेणजवळच्या धरमतर खाडीत आणि रोह्यावरून येणारी कुंडलिका समुद्राला मिळते त्या रेवदंड्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. पंखा, शाफ्ट, सुकाणूचे लोखंड घासून पाहिले जाते. धातू खाल्लेला दिसला की खाऱ्या पाण्याला दोष देऊन जस्ताचे नवे ठोकळे ठोकायचे, ही रीत. पुष्कळदा तेवढे पुरतेही. पण हंगामभर टिकणारे जस्त महिन्याभरात संपले, तर संशय पाण्यावर नव्हे, वायरिंगवर घ्यायला हवा.

दोन वेगळे धातू जोडलेल्या स्थितीत खाऱ्या पाण्यात राहिले की त्यांचीच एक दुबळी बॅटरी होते. जस्त स्वतः झिजते आणि बाकीच्यांना वाचवते. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तांब्याने मढवलेल्या जहाजांसाठी हीच युक्ती सुचवली. तांबे वाचले खरे, पण त्याचा विषारी अंश पाण्यात उतरेना, त्यामुळे शिंपले चिकटून जहाजे मंदावली. लाकडी होडीवर जस्ताचा अतिरेक आणखी वाईट: धातूभोवती अल्कली तयार होऊन लाकूडच मऊ पडते.

भटक्या प्रवाहामागे मात्र खरी १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी असते. तळात साचलेल्या पाण्यात पंपाची सोललेली वायर पडली, की वीज जवळच्या धातूतून समुद्रात उतरते आणि दुसऱ्या वाटेने परत येते. जिथून उतरते तिथला धातू विरघळतो. एक अँपियर वर्षभर असा वाहिला तर सुमारे ९ किलो लोखंड जाते. तो धातू पाणी आत घेणाऱ्या कॉकचा असेल, तर होडी उभ्या जागी बुडू शकते.

शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन बंद, सगळी बटणे बंद. बॅटरीची धन वायर काढून मधे मीटर, अँपियरवर लावून. काटा शून्यावर हवा. नसेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडतो, ती वायर चोर. मीटर मधे असताना इंजिन सुरू करू नये, मीटर जळतो.

जेट्टीवरून २३० व्होल्टची लाइन घेणाऱ्या बोटींना एक सल्ला सर्रास मिळतो: अर्थची वायर कापा, झीज थांबेल. कधी थांबतेही, कारण त्याच वायरने शेजारच्या बोटीचा धातू जोडलेला असतो. तरीही हा सल्ला जीवघेणा आहे. अर्थ नसलेल्या बोटीत बिघाड झाला की तिचा धातू आणि आसपासचे पाणी जिवंत होते. गोड्या पाण्यात धोका जास्त, कारण तिथे माणसाचे शरीर पाण्यापेक्षा चांगले वाहक ठरते. म्हणजे खाडीच्या मुखापेक्षा वर नदीत, तेही पावसाळ्यात. झीज रोखायची तर अर्थच्या वायरीत गॅल्व्हानिक आयसोलेटर बसवावा. जोडीला ३० मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी हवा, आणि त्याचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबून पाहायला हवे.