बाटली फ्रेंच, बोंबील आपला!

नालासोपाऱ्यात इटालियन वाइन? हसू नका! पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या गाइडमध्ये आपल्या सोपाऱ्याचं नाव आहे. त्याच गाइडमध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. यादीत पहिलीच वस्तू वाइन, आणि त्यातही पसंती इटालियनला. म्हणजे विरार लोकल धावायच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर इटलीची वाइन येत होती.

मग आज बाटली उघडताना आपण इतके का बिचकतो? शनिवारी रात्री कुणाच्या घरी जमलो की मला हमखास हेच दिसतं. टेबलावर वाइन आली की किचनमध्ये पास्ता शिजायला लागतो. काकूंनी अर्नाळ्याचे ताजे बोंबील रव्यात घोळवून ठेवलेले असतात, ते मात्र ‘नंतर बघू’ म्हणून झाकलेले! वाइनसमोर आपलं जेवण मांडायची लाज वाटावी, हे काही मला पटत नाही. साधी, परवडणारी वाइन आपल्या ताटासोबत मस्त जमते. फक्त जोडी मासा की मटण यावरून नाही, तर मसाल्यावरून जुळवायची.

तीनच गोष्टी लक्षात ठेवा. एक, अल्कोहोल आणि टॅनिन (म्हणजे रेड वाइनमधला जीभ कोरडी करणारा तुरटपणा) तिखटाची आग वाढवतात. किंचित गोडवा ती शांत करतो. दोन, जेवण वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते. कोकम, चिंच, लिंबू असेल तिथे वाइनही आंबटसरच हवी. तीन, माशाबरोबर रेड घेतली की कधी कधी तोंडात लोखंडासारखी चव येते. 2009 साली जपानी संशोधकांनी याचा दोष वाइनमधल्या लोहाला दिला. आता मेन्यू!

बोंबील रवा फ्राय : फ्रान्सची मस्काडे. ल्वार नदी अटलांटिकला मिळते, त्या भागातली ही हलकी, कोरडी व्हाइट. तिकडे ती कालवांबरोबर पितात. तळलेल्या माशावर लिंबू पिळावं, तसंच काम करते.

कोळंबीचं नारळाचं कालवण : ल्वारचीच वूव्रे, शेनिन ब्लाँ द्राक्षांची. लेबलवर ‘डेमी-सेक’ असेल तर किंचित गोडसर, म्हणजे तिखटावर उतारा.

भरली वांगी : इटलीची कियांती. सांजिओवेझे द्राक्षाचा आंबटपणा दाण्याच्या कुटाचा आणि तेलाचा जडपणा कापतो.

रविवारचं मटण : साधी कोत द्यू रोन. मसाला मात्र जरा हात राखून घाला.

शेवटी गोड म्हणून आगाशीची सुकेळी आणि मोस्कातो द’आस्ती. इटलीच्या पिएमाँतेमधली ही गोड, हलकी फसफसणारी वाइन. अल्कोहोल जेमतेम 5 टक्के, त्यामुळे सोमवारची 7.40 चुकणार नाही!

आता पाकिटाचं काय? माझ्यासारख्या फ्रीलान्सरचा चेक कधी येईल देवालाच ठाऊक, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे. परदेशी वाइनवर भारतात वर्षानुवर्षं 150 टक्के कस्टम ड्युटी होती. म्हणजे तिकडे जी रोजची, स्वस्तातली बाटली, ती इथे येईपर्यंत साहेब झालेली. माझा उपाय सोपा आहे : देश नका बघू, द्राक्ष बघा. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिनियाँ ब्लाँ ही दोन्ही द्राक्षं फ्रान्सची, पण आता नाशिकमध्ये मुरलेली. सुलाची पहिली वाइन 2000 साली आली, ती याच द्राक्षांची. कियांतीचं सांजिओवेझे तर सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला पिकतं. तिथली फ्रातेल्ली वाइनरी सुरू करणाऱ्यांमध्ये इटलीचे सेक्की बंधू आहेत. रोजची हौस नाशिक-अकलूजवर भागवा. इम्पोर्टेड बाटली वर्षातून एकदा, प्रमोशनला किंवा होम लोन फिटल्यावर! आणि तीही चौघांत कॉन्ट्री काढून.

शेवटच्या टिप्स. व्हाइट दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. ‘रेड रूम टेम्परेचरला’ हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. आपल्या मे महिन्यातल्या वन-बीएचकेचा नाही. रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये जाऊ द्या. माळ्यावर बाटल्या साठवू नका, तिथे पत्र्याखालच्या उन्हाने वाइनची वाट लागते. खास ग्लास नसतील तर काचेचे साधे पेले चालतील. उरलीच तर बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. मंगळवारी दमून घरी आल्यावर वरण-भात, तूप, लिंबू आणि उरलेली अर्धा ग्लास व्हाइट घेऊन बघा. पास्ता आठवणारसुद्धा नाही!