पंधरा बारचा मोह

घरगुती एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर एक आकडा सगळ्यात मोठ्या टायपात छापलेला असतो: १५ बार. शेजारच्या खोक्यावर २० बार. दोघांच्या किमतीत दोन-तीन हजारांचा फरक असतो आणि आपल्याला वाटतं, पाच बार जास्तीचे मिळताहेत, घेऊन टाकू. हा आकडा वाचून मशीन घेऊ नका, एवढं सांगण्यासाठी आजचं सदर खर्ची घालते आहे.

निमित्त दादाचं. हा माझा चुलतभाऊ बँकेतून निवृत्त झाला, वहिनींना घेऊन टूर कंपनीबरोबर युरोप बघून आला आणि इटलीत काउंटरपाशी उभ्याउभ्या घेतलेल्या दीड घोट कॉफीने त्याला झपाटलं. पिसाचा मनोरा, व्हेनिसचे कालवे वगैरे सगळं मागे पडलं. "अगं, सव्वा युरोत! आणि काय ती चव!" मग परवा फोन. "चोवीस हजारांचं मशीन आहे, वीस बार. ऑफर उद्यापर्यंत आहे. मारू का बटण?"

म्हटलं, थांब.

आपला प्रेशर कुकर शिट्टीला येतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. एस्प्रेसोला असे नऊएक बार लागतात. दाबून बसवलेल्या बारीक कॉफीतून ९०-९५ अंशांचं पाणी एवढ्या जोराने गेलं की पंचवीस-तीस सेकंदांत कपात दाट अर्क उतरतो आणि वर सोनेरी-तपकिरी साय धरते. तिला क्रेमा म्हणतात. मग खोक्यावरचे १५ आणि २० कुठून आले? तो पंपाचा कमाल दाब. पाण्याला पुढे जायला वाटच ठेवली नाही, तर पंप जास्तीत जास्त किती रेटेल, याचा तो आकडा. प्रत्यक्षात दाब किती तयार होणार हे कॉफी पाण्याला किती अडवते त्यावर ठरतं, आणि चांगल्या मशीनमध्ये तर दाब नऊच्या फार वर जाऊ नये म्हणून मुद्दाम एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गंमत म्हणजे दहा-बारा हजारांच्या मशीनमध्ये आणि त्याच्या चौपट किमतीच्या मशीनमध्ये बहुधा एकाच जातीचा पंप असतो: मुठीत मावणारा, आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला पन्नास वेळा थरथरणारा आणि त्यामुळे घरघरणारा. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जास्त पैसे मोजतो, तो मशीनमशीनमधला फरक सांगतच नाही.

नऊ हा आकडाही काही वेदांत लिहिलेला नाही. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलं ते वाफेच्या यंत्राचं. त्यात दाब जेमतेम दीड बार. पुढे पावोनीने ती यंत्रं बाजारात आणली, आणि पुढची चाळीसेक वर्षं इटालियन माणूस जी एस्प्रेसो प्यायला ती वाफेनं पोळलेली, कडवट होती. क्रेमा तिच्यावर नव्हता. तो आणला मिलानच्याच आकिले गाज्जियाने. त्याचं पहिलं पेटंट १९३८ चं. महायुद्धानंतर त्याने दांडा आणि स्प्रिंग वापरून वाफेची मदत न घेता पाणी ढकललं, आणि त्या स्प्रिंगने जो आठ-नऊ बारचा दाब दिला तोच पुढे प्रमाण ठरला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई-६१ आलं आणि दांडा ओढणाऱ्या हाताची जागा विजेच्या पंपाने घेतली.

हा इतिहास सांगायचं कारण असं की १९०१ अजून आपल्या दुकानांत विकायला आहे. चार-सहा हजारांत जी 'एस्प्रेसो मेकर' मिळतात, वर फिरकीचं झाकण, आत पाणी ओतायचं, त्यांत पंप नसतो. वाफच पाण्याला ढकलते. त्यातून कडक कॉफी मिळते, दूधही फेसाळतं. एस्प्रेसो मात्र मिळत नाही. आपल्या लग्नांच्या रिसेप्शनमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी फुस्स फुस्स करणारं जे यंत्र असतं तेही वाफेचंच. दूध, साखर, इन्स्टंट कॉफी, वर चॉकलेट पावडरची चिमूट. त्यात एस्प्रेसो औषधालाही नसतो. मला ती कॉफी आवडते, अजूनही रांगेत उभी राहते. तुम्हाला घरी तीच हवी असेल, तर चमचाभर इन्स्टंट कॉफी साखर घालून हाताने फेटा आणि बाकीचे पैसे बँकेत ठेवा.

दादाला ती नको होती. त्याला काळी, दीड घोटाची हवी होती. मग मी त्याला खोक्यावर न छापलेली गोष्ट विचारायला लावली: हँडलमधली जाळी कोणती आहे?

स्वस्त मशीनचं सगळं इंगित त्या जाळीत आहे. ज्या वाटीत कॉफी भरायची ती फिल्टर बास्केट दोन प्रकारची असते. सिंगल वॉलच्या तळाला शेकडो बारीक भोकं असतात आणि पाण्याला अडवण्याचं काम फक्त कॉफी करते. ड्युअल वॉलला आतून अशीच भोकं, पण त्याखाली आणखी एक तळ आणि त्याला सुईच्या टोकाएवढं एकच छिद्र. अडवण्याचं काम ते छिद्र करतं. त्यामुळे भुकटी जाडी असो, शिळी असो, कशीही भरलेली असो, त्या छिद्रातून फवारा उडतो आणि कपात फेस दिसतो. कंपन्यांनी हे फसवायला केलेलं नाही. बहुतेकांच्या घरी दळायचं यंत्र नसतं, लोक दुकानातली तयार पूड आणतात, तिच्यातून निदान काहीतरी पिण्याजोगं निघावं म्हणून ही सोय. पण या सोयीची किंमत अशी की तुम्ही शिळ्या पुडीच्या जागी चिकमगळूरच्या ताज्या बिया आणल्या, तरी कपात फेस तोच आणि चवीतही फारसा फरक पडत नाही. चूक दाखवत नाही असं यंत्र सुधारायला वावही ठेवत नाही. म्हणून माझा निकष एकच: मशीन साधं चालेल, पण सिंगल वॉल बास्केट सोबत तरी यावी किंवा वेगळी विकत मिळावी. त्यासाठी हँडलचं माप बघायचं. कॅफेतल्या मशीनचं माप बहुधा ५८ मिलिमीटर. घरगुती स्वस्त मशीनमध्ये ५१ जास्त दिसतं. डेलॉन्गीचं डेडिका, जेमतेम १५ सेंटीमीटर रुंदीचं, ५१ मध्येच येतं आणि त्या मापाच्या जाळ्या, हँडल, कॉफी दाबायचा टॅम्पर सगळं सुटं मिळतं. विचित्र मापाचं मशीन कितीही देखणं असलं तरी घेऊ नये. गाज्जिया क्लासिक १९९१ पासून चाललंय ते ५८ च्या मापामुळे आणि सहज उघडून दुरुस्त करता येण्यामुळे. पण परदेशात चार-पाचशे डॉलरला 'सुरुवातीचं' म्हणून विकलं जाणारं ते मशीन आपल्या खिशाला सुरुवातीचं नाही.

आता खरा खर्च. सिंगल वॉलला कॉफी नेमकी दळलेली लागते. साधारण १८ ग्रॅम पूड, त्यातून ३६ ग्रॅम कॉफी, पंचवीस-तीस सेकंदांत. दहा सेकंदांत धो धो आली तर आंबट आणि पाणचट. मिनिटभर ठिबकत राहिली तर कडू. हे ताळ्यावर आणायला दळण किंचित बारीक किंवा किंचित जाडं करावं लागतं. चांगल्या हातग्राइंडरचा एक खटका पात्यांमधलं अंतर वीसेक मायक्रॉनने बदलतो, आणि तेवढ्यानेही वेळ दोन-चार सेकंद सरकते. मिक्सरमध्ये हे होत नाही. मिक्सर कापतो, दळत नाही; निम्म्याचं पीठ होतं, निम्म्याचा रवा राहतो, आणि पाणी रव्यातून वाट काढून पळतं. तेव्हा सात-आठ हजार रुपये ग्राइंडरला बाजूला काढूनच मशीनचं बजेट ठरवायचं. पैसे कमी पडले तर मशीनमधून कापायचे, ग्राइंडरमधून नाही. हे मी ज्याला ज्याला सांगते, त्याचा चेहरा पडतो, कारण मशीन चकाकतं आणि ग्राइंडर दिसतो मिरपूड दळायच्या नळकांड्यासारखा.

दादाला मी दांड्याच्या बिनविजेच्या यंत्रांबद्दलही सांगून पाहिलं. फ्लेअर, रोबोट अशा नावांची ती यंत्रं: वर उकळतं पाणी ओतायचं आणि दांडा स्वतः दाबायचा. पंप नाही, बॉयलर नाही, बिघडायला काही नाही. एकट्याने काळी कॉफी पिणाऱ्यासाठी पैशाच्या मानाने याहून चांगला कप निघत नाही, असं माझं मत. तो म्हणाला, "निम्मी नोकरी हाताने लेजर लिहिण्यात गेली. आता मला बटण दाबायचंय." विषय संपला.

तेवढ्यात वहिनींनी फोन घेतला. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा नेमके होते. ठेवायचं कुठे? ओट्यावर, म्हटलं, आणि वर जागा सोडून, कारण पाण्याची टाकी वरून किंवा मागून काढावी लागते. प्लग कुठला? हा प्रश्न दुकानदारही विचारत नाही. तेराशे-साडेतेराशे वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या आसपास ओढतं, म्हणजे छोट्या सॉकेटची जवळपास मर्यादाच. मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावलेलं बरं, आणि तिथे मायक्रोवेव्ह आधीच बसलेला असतो. पाणी कुठलं? त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आतल्या बारीक नळ्यांमध्ये धरतो आणि मशीन मुकाट्याने मरतं. तेव्हा फिल्टरचं पाणी, आणि दोन-तीन महिन्यांनी ढोकळ्यासाठी आणतो त्या सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने सफाई.

"आणि पाहुणे आले तर?"

इथे मी निरुत्तर. या किमतीत मशीन एका वेळी एकाच तापमानाला असतं: आधी कॉफी, मग वाफेसाठी आणखी तापू द्यायचं, मग दूध, मग पुन्हा निवू द्यायचं. शिवाय दूध गार हवं, फ्रिजमधून थेट, आणि आपण ते तापवून ठेवतो, म्हणजे साय गाळा. दोन कपांना दहा मिनिटं. सहा माणसं बसली असतील तर पहिल्याचा कप संपून तो निघायच्या तयारीत असतो तेव्हा सहाव्याचा येतो. चहाचं पातेलं या स्पर्धेत कधीच हरणार नाही. इटलीतही लोक घरी बहुतकरून १९३३ सालच्या आल्फोन्सो बियालेत्तीच्या मोका पॉटवर भागवतात आणि एस्प्रेसोसाठी खाली बारमध्ये जातात. आपल्याकडे खाली अमृततुल्य असतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

बियांचं मात्र आपलं नशीब थोर. भारतात अरेबिकापेक्षा रोबस्टा कितीतरी जास्त पिकते, आणि आपल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं इटलीच आहे. दाटपणा आणि क्रेमा यावा म्हणून तिथल्या मिश्रणांत आपली रोबस्टा जाते. हे ऐकून दादा गप्पच झाला. "म्हणजे मी कूर्गची कॉफी प्यायला मिलानला गेलो होतो?" शक्य आहे, म्हटलं. पाकिटावर भाजल्याची तारीख बघ. भाजून आठवडा झालेली घे, महिन्या-सव्वामहिन्यात संपव. आणि फिकट भाजलेल्या, फळांच्या वासाच्या बियांच्या नादी लागू नकोस. त्यांना स्थिर, चढं तापमान लागतं आणि ते देणं स्वस्त मशीनच्या आवाक्याबाहेरचं आहे. मध्यम किंवा किंचित गडद भाजलेल्या बिया तुझे दोष पोटात घालतील.

बँकेतला माणूस, त्याने लगेच हिशेब मांडला. पाचशे रुपयांची पाव किलो बी, १८ ग्रॅमप्रमाणे चौदा कप, म्हणजे कपाला पस्तीस-छत्तीस रुपये. कॅफेत दीडशे. कपामागे एकशे चौदा वाचले, तर पंचवीस हजार सव्वादोनशेच कपांत वसूल. "पण तुम्ही कॅफेत जाता कधी?" वहिनींचा आवाज मागून आला. या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं: चौदा हजारांचं साधं पंपवालं मशीन, ५१ मिलिमीटर, खोक्यावर १५ बार. साडेआठ हजारांचा हातग्राइंडर. दीड हजारांत सिंगल वॉल जाळी आणि बरा टॅम्पर, कारण सोबत येणारा प्लास्टिकचा चमचा कुचकामी असतो. हजारच्या आत दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. वीस बारचं चोवीस हजारी मशीन ऑफरसकट राहिलं.

काल सकाळी सातला फोन. "चौदा सेकंदांत सगळी खाली आली. आंबट आहे."

"दोन खटके बारीक कर."

"केलं. आता येतच नाहीये."

"मग एक खटका मागे घे. आणि पूड मोजून घेतोयस ना, की अंदाजाने?"

उत्तराआधी पलीकडून काटा शोधण्याचा आवाज आला.