गोधडीत मलिद्याचं ताट

परदेशातल्या काही सिनेगॉगांच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांच्या, भिंतीवर सामुदायिक गोधडी टांगलेली असते. एकेका घरानं एकेक चौकोन शिवून द्यायचा, मग जाणत्या हातांनी ते जोडायचे. कुणी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे भरतं, कुणी डाळिंब. अशी एखादी गोधडी आपल्या बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, का नसावी? जुन्या लुगड्यांना धावदोरा घालायला कोकणाला काय शिकवायचं!

पथ्यं मात्र बरीच. अंगावरच्या कापडात लोकर आणि लिनन एकत्र चालत नाही, ही तोरा या धर्मग्रंथाचीच आज्ञा. देवाचं चार अक्षरी नाव भरायचं नाही. एकदा लिहिलं की ते पुसता येत नाही, टाकता येत नाही. आणि शब्बाथला सुईला हात लावायचा नाही. त्या दिवशी वर्ज्य असलेल्या 39 कामांत ‘दोन टाके घालणं’ हे चक्क वेगळं नोंदवलंय! शनिवार इतका काटेकोर पाळणाऱ्या या तेलघाणेवाल्यांना आपल्या गावांनी ‘शनिवार तेली’ म्हटलं. तेव्हा पहिला चौकोन बंद घाण्याचा, बैल मोकळा सोडलेला.

दुसरा मुंबईतल्या 1796च्या शार हारहमीमचा. सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं हे बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग. तिसरा 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादाचा, म्हणजे पेसाह या सणाला वाचायच्या पोथीचा. त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका पेसाहच्या बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात.

पण मधला, सगळ्यांत मोठा चौकोन मी मलिद्याच्या ताटाला देईन. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. नवस फेडताना, लग्नाकार्यात हे ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आठवण काढायची. अलिबागजवळ सागावला कातळावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात, तो याच एलियाहूचा टापा. षट्कोनी तारा आणि दिवठाण न्यूयॉर्कच्या गोधडीतही असतात. पोह्यांचं हे ताट आपल्याच किनाऱ्याचं. ते वगळून नुसते तारे भरले, तर गोधडी दिसेल छान, पण ती कुणाचीही असेल.

1948नंतर या समाजातली बहुतेक घरं इस्राएलला गेली. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही आडनावं तिथंही आहेत. तुमच्या गावात, आळीत अशी माणसं राहत असतील, तर घरातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्याबद्दल विचारा आणि सांगतील ते लिहून ठेवा. गोधडीला तुकडे तिथूनच मिळतील.